रेशीम पतंगाचं उपकुल कशावरून ओळखायचं? रंग सोडा, मिशा बघा

शिवनाकाठ (कन्नड)

सोमवारी सकाळी शाळा उघडली तर व्हरांड्यातल्या ट्यूबखाली भिंतीला वीतभर पंखांचं पाखरू चिकटलेलं. पिवळसर राखाडी रंग, चारही पंखांवर एकेक गोल डोळा. आदल्या रात्री मोठा पाऊस झाला होता. गौताळ्याच्या डोंगरात पहिले दोन-तीन पाऊस झाले की ही पाखरं उजेडाला येतात. सातवीतल्या एका मुलीने वर्तमानपत्राचा कपटा आणला आणि पंखामागे अलगद धरला. डोळ्याच्या मधोमध जी काच असते, तिच्यातून छापलेलं 'ल' अक्षर स्पष्ट दिसलं! त्या जागी खवलेच नसतात, नुसता पारदर्शक पडदा असतो. वर्गातल्या सगळ्यांनी आळीपाळीने पाहिलं.

ही तसरची मादी, अँथेरिया मायलिटा. ड्रुरी यांनी १७७३ साली हिचं शास्त्रीय वर्णन केलं. मुलांना नाव सांगितलं तर त्याच मुलीने विचारलं, "सर, ही कोणत्या घरातली?" तिला कुल-उपकुल, म्हणजे पतंगांचं घराणं आणि त्यातली शाखा, विचारायचं होतं. कुल मला सांगता आलं: सॅटर्निइडी, रानरेशमाचे पतंग. उपकुल सॅटर्निइनी हेही पाठ होतं. पण "कशावरून?" असं तिने पुढे विचारल्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. गेले चार दिवस तेच वाचतोय, म्हणून हा धागा काढला.

मला आतापर्यंत समजलेलं असं. नावाच्या शेवटी 'इडी' असेल तर कुल आणि 'इनी' असेल तर उपकुल. कुल ठरवायला तोंड, मिशा आणि पंखांची जोडणी पाहायची. सॅटर्निइडी पतंगांना सोंड जवळजवळ नसतेच. अळी असताना जे खाल्लं त्यावरच आठवडाभर जगायचं. बऱ्याच पतंगांच्या मागच्या पंखाच्या मुळाशी टाचणीसारखा एक काटा असतो, तो पुढच्या पंखाच्या आकड्यात अडकतो आणि दोन्ही पंख एकत्र हलतात. यांना तो काटाच नाही. त्याऐवजी मागच्या पंखाचा खांदा फुगून पुढच्या पंखाखाली सरकलेला असतो. आणि सगळ्या सॅटर्निइडी नरांच्या मिशांना दर पेराला चार फांद्या असतात.

चुकत असेन तर सांगा. आपल्या भागातले फोटो असतील तर मिशांचा जवळून काढलेला एक तरी द्या.

पैनगंगा (किनवट)

सर, वेळेवर धागा काढलात. आमच्याकडे सागाच्या आणि ऐनाच्या रानात हे पतंग बरेच दिसतात. सोबतचा फोटो मागच्या आठवड्यातला, फॉरेस्टच्या नाक्यावरच्या दिव्याखाली. हा विटकरी रंगाचा, अंगाने बारीक आणि मिशा चांगल्या रुंद. फोनवरच्या फोटो ओळखायच्या अॅपमध्ये टाकला तर त्याने 'ऑटोमेरिस, उपकुल हेमिल्युसिनी' सांगितलं. डोळे बघून मलाही पटलं. म्हणजे किनवटला दुसरं उपकुल सापडलं म्हणायचं का?

शिवनाकाठ

दादा, फोटो सुंदर आहे, पण हा तसरचाच नर. नर विटकरी आणि मादी पिवळसर किंवा राखाडी असा या जातीत फरक असतो. रंगावरून जाती वेगळी समजण्याची चूक मीही दोन वर्षं करत होतो.

हेमिल्युसिनी हे उपकुल अमेरिका खंडांबाहेर नाहीच. भूगोल क्षणभर बाजूला ठेवला तरी फोटोवरून फरक दिसतो. ऑटोमेरिसचे मोठे डोळे फक्त मागच्या पंखांवर असतात आणि बसल्यावर पुढच्या पंखांखाली झाकलेले राहतात. कुणी डिवचलं की पुढचे पंख एकदम उघडून डोळे दाखवायचे. तुमच्या फोटोत पुढच्या पंखावरही तसाच डोळा आहे आणि त्याच्या मध्ये काच आहे. पुढच्या वेळी मागे कागद धरून बघा.

कोषकार (अंबड)

आमच्यासारख्यांनी विचारलं तर चालेल ना? दीड एकर तुती आहे, व्ही-१ जातीची. चॉकी (लहान वयाच्या अळ्या) आणून शेडमध्ये बॅच घेतो आणि कोष जालन्याच्या मार्केटला नेतो. एवढी वर्षं रेशीम करतोय, पण पाखरू नीट बघितलं ते फक्त दोनदा, कोष काढायला उशीर झाला तेव्हा. पाखरू बाहेर पडलं की कोषाला भोक पडतं आणि त्याचा भाव जातो, म्हणून आम्ही त्याला बाहेर येऊच देत नाही. तर आमचं पाखरू या तसरच्याच घरातलं का?

दुसरं म्हणजे, बांधावर बोरी आहेत आणि पलीकडं मोसंबीची बाग. मागच्या भादव्यात असंच मोठं पिवळं पाखरू बोरीवर बसलेलं होतं. गड्यानं मोसंबीचा रस शोषणारा पतंग समजून झाडूनं मारलं. ते हेच होतं काय? कालपासून डोक्यात तेच हाय.

रेवा_परभणी

नमस्कार. मी परभणीला कीटकशास्त्र शिकते. काका, तुमच्या दोन्ही प्रश्नांना उत्तर देते, पण आधी सरांच्या पहिल्या पोस्टमधली एक गोष्ट दुरुस्त करायला हवी.

'सगळ्या सॅटर्निइडी नरांच्या मिशांना चार फांद्या' हे बरोबर नाही. तसं असतं तर उपकुल ओळखायला मिशांचा उपयोगच झाला नसता. आजीकडची लाकडी फणी आठवा, दोन्ही बाजूंना दाते असलेली. दर पेराला दोन फांद्या, एक डावीकडे आणि एक उजवीकडे, म्हणजे मिशी एका फणीसारखी. दर पेराला चार म्हणजे दोन फण्या एकीवर एक ठेवल्यासारखी. आपल्या सॅटर्निइनी उपकुलातल्या नरांची मिशी दोन फण्यांची असते आणि दाते थेट टोकापर्यंत जातात. सेराटोकॅम्पिनी या अमेरिकन उपकुलात नराच्या मिशीला मुळाकडच्या भागातच फांद्या असतात, पुढे टोकाकडे नुसता दोरा. युरोपातल्या अग्लिया टाऊ या पतंगाच्या मिशीला एकच फणी, आणि अग्लियासाठी अग्लिइनी हे वेगळं उपकुल मानतात. तो बसतोही फुलपाखरासारखा, पंख पाठीवर मिटून. त्याच्या डोळ्यातल्या पांढऱ्या खुणेचा आकार ग्रीक 'टाऊ' अक्षरासारखा, नाव तिथूनच आलं.

म्हणून मिशी पाहताना दोन गोष्टी मोजायच्या: दर पेराला फांद्या किती, आणि त्या टोकापर्यंत जातात का. दहापट भिंग पुरतं. मोजणी नराचीच करायची, मादीच्या फांद्या आखूड असतात आणि डोळा फसतो.

काका, तुमचं पाखरू बाँबिक्स मोरी. त्याचं कुलच वेगळं, बाँबिसिडी. दोन्ही कुलं एकाच मोठ्या गोतातली आहेत, पण घर एक नाही. मिशी एका फणीची, नर-मादी दोघांचीही. रंग मळकट पांढरा, पंखांवर डोळे नाहीत, पुढच्या पंखाचं टोक आकड्यासारखं वळलेलं. हजारो वर्षं माणसाने पाळल्यामुळे उडणं तर गेलंच. पंख फडफडवत नर मादीभोवती गोल फिरतो, एवढंच. मिशा कशासाठी असतात हे समजायलाही या पाखराची मदत झाली. मादी जो वास सोडते तो पदार्थ अडॉल्फ बुटेनांट यांनी १९५९ साली वेगळा काढला आणि त्यासाठी सुमारे पाच लाख माद्या लागल्या. कीटकांच्या अशा गंधद्रव्याची रासायनिक ओळख तेव्हा पहिल्यांदा पटली. तो वास हवेतून टिपायला नराच्या मिशीला जागा जास्त लागते, म्हणून त्या फांद्या.

मोसंबीच्या पतंगाचं संध्याकाळी सविस्तर लिहिते, आता प्रॅक्टिकल आहे.

शिवनाकाठ

रेवाताई, मनापासून आभार. पहिल्या पोस्टमधलं ते वाक्य चुकीचंच आहे, पण तसंच राहू देतो. नाहीतर तुमचा प्रतिसाद वाचणाऱ्याला तो कशाबद्दल आहे ते कळणार नाही. फणीची उपमा उद्या वर्गात वापरतो.

उदगीरकर

मी मूळ उदगीरची, सध्या नॉर्थ कॅरोलिनात. हा धागा वाचून जुने फोटो शोधून काढले. आमच्या मागच्या दारच्या दिव्याला दर उन्हाळ्यात एक भलामोठा पिवळा पतंग येतो, त्यावर जांभळट तपकिरी डाग. इथे त्याला इंपीरियल मॉथ म्हणतात, शास्त्रीय नाव ईक्लिस इंपीरियालिस, उपकुल सेराटोकॅम्पिनी. रेवाने लिहिलंय तशीच मिशी आहे, मी आत्ता फोटो मोठा करून बघितला! बुडाकडे पिसासारखी आणि पुढे एकदम बारीक दोरा. इतकी वर्षं फोटो माझ्याकडे होता आणि हे कधी दिसलं नव्हतं.

अजून एक. हा पतंग कोष करत नाही. अळी झाडावरून उतरून जमिनीत शिरते आणि तिथेच तिची कोषिका (प्यूपा) होते. रेशीम पतंगांच्या कुलातला असून रेशमाचा कोष नाही, याचं मला तेव्हा फार आश्चर्य वाटलं होतं.

आणि इथेच लूना मॉथ येतो, फिकट हिरवा आणि लांब शेपट्यांचा. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी त्याला आपल्याकडचाच चंद्रपतंग समजले होते.

रेवा_परभणी

उदगीरकर ताई, तो तुमचा गैरसमज नव्हताच. लूना म्हणजे अॅक्टियास लूना आणि आपल्याकडचा चंद्रपतंग अॅक्टियास सेलेनी. प्रजाती (जीनस, नावातला पहिला शब्द) एकच, उपकुल सॅटर्निइनी. सेलेनीच्या छातीवर पांढरी लव आणि पुढच्या पंखाच्या कडेला मरून पट्टी, जशी पैठणीला काठ असावी तशी. म्हणजे तुमच्या दारात येणारे ते दोन पतंग एकमेकांपासून जेवढे लांब, त्यापेक्षा तुमचा लूना आपल्या सेलेनीच्या कितीतरी जवळ. उपकुल म्हणजे काय हे मला तरी याच उदाहरणाने कळलं.

मोसंबीचा पतंग. काका, तो युडोसिमा. पुढचे पंख सुकलेल्या पानासारखे, मागचे भगवे-पिवळे आणि त्यावर काळा पट्टा. बसल्यावर मागचे पंख दिसत नाहीत, उडाला की पिवळा चमकतो, म्हणून गड्याची चूक झाली असणार. खरा फरक तोंडात. युडोसिमाची सोंड जाड आणि टोकाला करवतीसारखी, ती मोसंबीची साल फोडून आत जाते. तसरला सोंडच नाही, ती फळाला काही करूच शकत नाही. मिशी बघितली तरी लगेच कळतं: युडोसिमाची साधी दोऱ्यासारखी, पिसारा नाही. त्याच्या अळ्या गुळवेल आणि वासनवेलीवर वाढतात, त्यामुळे कुंपणावरच्या या वेली काढल्या, गळालेली फळं रोज वेचून पुरली आणि संध्याकाळी बागेत धूर केला तर त्रास कमी होतो.

बोरीवर बसलेलं मोठं, पिवळं, पंखांवर डोळे असलेलं पाखरू म्हणजे तसरची मादी. बोर हे तिच्या अळीचं खाद्य आहे. बहुतेक अंडी घालायला आली असेल.

कोषकार (अंबड)

समजलं. गड्याला फोन करून सांगितलं, यापुढं आधी तोंड बघायचं, सोंड दिसली तरच हात लावायचा. त्यानंच विचारलं, मग आधीचं आपण उगाच मारलं का? हो म्हणालो.

बालाघाट_माती (येडशी)

वाचतोय, फार चांगली चर्चा. माझ्याकडे रामलिंगच्या अभयारण्यालगतच्या एका जुन्या वाड्यातला फोटो आहे. अंधाऱ्या कोपऱ्यात बसलेला, काळपट तपकिरी, पुढच्या दोन्ही पंखांवर मोठा डोळा, पंख पसरल्यावर चार-साडेचार इंच. गावात एकाने 'अॅटलास' हा रेशीम पतंग म्हणून फोटो फिरवला आणि सगळ्यांनी तेच धरलं.

शिवनाकाठ

हा एरेबस, बहुतेक एरेबस मॅक्रॉप्स. दिवसा घराच्या किंवा कपारीच्या अंधारात बसतो. आता मला उत्तर द्यायचा हुरूप आलाय. तुमच्याच फोटोत मिशी दिसते, केसासारखी बारीक. डोक्याखाली गुंडाळलेली सोंडही दिसते. म्हणजे कुलच दुसरं, उपकुलाचा प्रश्नच येत नाही. डोळा आहे म्हणून रेशीम पतंग असं होत नाही, पंखावरचे डोळे कितीतरी कुलांत आहेत.

अॅटलासची ओळख अगदी वेगळी. पंखांवर डोळ्याऐवजी तिकोनी खिडक्या, आणि पुढच्या पंखाचं टोक सापाच्या तोंडासारखं. सह्याद्रीत सापडतो तो अटॅकस टॅप्रोबॅनिस. मूर यांनी १८८२ साली त्याला नाव दिलं.

पैनगंगा

सर, मग एकच विचारतो. अॅटलासला खिडक्या आणि तसरला डोळे, इतका फरक असून दोघे एकाच उपकुलात कसे?

रेवा_परभणी

चांगला प्रश्न. दोघांचीही मिशी टोकापर्यंत दोन फण्यांची, दोघांच्याही अळ्या मांसल गाठी असलेल्या, दोघंही झाडावर रेशमाचा कोष करतात. ही खोल साम्यं उपकुलाची. त्याच्या आत जे लहान गट पडतात त्यांच्यासाठी पंखांच्या शिरा बघाव्या लागतात. पंखाच्या मधोमध शिरांनी बंद केलेला एक लांबट कप्पा असतो. तसर, चंद्रपतंग यांच्यात तो बाहेरच्या बाजूला आडव्या शिरेने बंद होतो आणि डोळा बरोबर तिथेच बसलेला असतो. अॅटलास आणि एरी (एरंडावरचा रेशीम पतंग) यांच्या गटात ती आडवी शीर नाही, कप्पा बाहेरून उघडा. मेलेला पतंग मिळाला तर पंखाच्या खालच्या बाजूवर स्पिरिटचे दोन थेंब टाका. खवले भिजून पंख पारदर्शक होतो, शिरा लगेच दिसतात. मिनिटभरात स्पिरिट उडून जातं आणि पंख पहिल्यासारखा होतो. हॅम्पसन यांच्या १८९२ सालच्या ब्रिटिश इंडियाच्या पतंगांवरच्या पहिल्या खंडातही शिरांवर असाच भर आहे. तेव्हा डीएनए नव्हता, त्यांच्या हाताशी भिंग आणि पंखांच्या शिराच होत्या.

कोषातही फरक आहे. तसरचा कोष सुपारीसारखा टणक, चारही बाजूंनी बंद, आणि रेशमाच्याच देठाने फांदीला कडं घालून लटकलेला. पतंग बाहेर पडताना तोंडातून पाचक रस सोडून कोष मऊ करतो. एरीच्या कोषाला मात्र एका टोकाला आधीपासूनच वाट ठेवलेली असते. म्हणून त्याचा सलग धागा निघत नाही, कापसासारखा कातावा लागतो. एरी हे नावही आसामीतल्या एरंडावरून आलं, ती अळी एरंडाची पानं खाते.

उदगीरकर

एक राहिलं होतं. हेमिल्युसिनीचा विषय निघाला म्हणून सांगते, त्या उपकुलाची अळीवरून ओळख सहज पटते आणि त्रासदायकही आहे. इथल्या आयो मॉथच्या हिरव्या अळीला माझ्या मुलाने हात लावला होता. काटे टोचून तासभर आग. ब्राझीलमधली लोनोमिया तर जीवघेणी. तिच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते आणि त्यावरचं प्रतिविष तिथल्या बुटांटान संस्थेत तयार होतं. तीही हेमिल्युसिनीच.

शिवनाकाठ

तसरच्या अळीच्या गाठींवर केस असतात, पण हातावर घेतली तरी आग होत नाही. आपल्याकडे खाज येते ती बहुतेक दुसऱ्या कुलांतल्या केसाळ सुरवंटांमुळे. त्यामुळे 'सुरवंटाला हात लावू नये' ही घरची शिकवण चुकीची नाही. मुलांना आधी ओळखायला शिकवतो, हात लावणं नंतर.

आता त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर मी असं देणार आहे. सॅटर्निइडीत सध्या साधारण आठ उपकुलं धरतात. त्यातली पाच फक्त अमेरिका खंडांत. चार्ल्स मिचनर यांनी १९५२ साली तिकडच्या पतंगांचा जो मोठा आढावा घेतला, त्यात मिशा, शिरा, पाय, अळ्यांच्या गाठी असं सगळं एकत्र तोलून गट पाडलेत. अग्लिइनी उत्तरेकडच्या थंड प्रदेशात. सॅलॅसिनी भारतात आहे, पण हिमालयात आणि ईशान्येकडे. तिची अळी चतुर्भुज पतंगाच्या अळीसारखी शेपटीवर शिंग घेऊन असते म्हणे...

रेवा_परभणी

सर, 'चतुर्भुज' नाही, ससाणा पतंग. हॉक मॉथ. बाकी बरोबर.

शिवनाकाठ

ससाणा पतंग, हो. राहिलं ते सॅटर्निइनी. कन्नडपासून किनवटपर्यंत रानरेशमाचा कोणताही पतंग सापडला तरी उपकुल हेच. मग आपल्याकडे उपकुल शोधायचं कशाला, असं मलाही दोन दिवस वाटत होतं. पण किनवटला अॅपने हेमिल्युसिनी सांगितलं, येडशीत एरेबसचा अॅटलास झाला आणि अंबडला एक मादी विनाकारण मेली. तीन ठिकाणी तीन चुका. येडशीची आणि अंबडची मिशी बघितली असती तर टळली असती, किनवटची पुढच्या पंखावरचा डोळा बघितला असता तर.

पैनगंगा

सर, काल पुन्हा नाक्यावर गेलो. नर होता. पंखामागे बीटच्या रजिस्टरचं पान धरलं, काचेतून निळ्या शाईची रेघ दिसली. मिशीचा फोटो भिंगातून काढलाय, खाली टाकतो. पेराला चार, टोकापर्यंत. तीनदा मोजलं. येताना ऐनाच्या फांदीला गेल्या वर्षीचा रिकामा कोषही सापडला. फांदीभोवतीचं कडं इतकं घट्ट बसलंय की चाकूनेही निघेना, म्हणून फांदीसकट आणला.

शिवनाकाठ

फोटो छापून वर्गात लावतो. आमच्या मादीने जायच्या आधी व्हरांड्याच्या भिंतीवर चाळीसेक अंडी चिकटवली होती. आज दहाव्या दिवशी सकाळी त्यातली अकरा फुटली. काळं डोकं, पिवळट तपकिरी अंग, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोड्या मोठ्या. आधी अंड्याची टरफलं कुरतडली. नंतर मुलांनी आणलेल्या बोरीच्या कोवळ्या फांदीवर पिसाने उचलून ठेवल्या. भिंगातून पाहिलं तर पाठीवरच्या गाठी आताच ओळींत दिसतात, दर गाठीवर दोन-चार केस. ती मुलगी वहीत त्यांचं चित्र काढतेय. एका ओळीत गाठी किती, यावर तिचं आणि माझं अजून एकमत झालेलं नाही.